ब्याण्णव किलोची ज्योत

त्या मंगळवारी मंडपाबाहेर मी चपला मोजल्या. चारशे अकरा जोड आणि एक सुटी. सुटी कुणाची याचा उलगडा आजतागायत झालेला नाही. बाकी सगळ्याचा झाला, तोच सांगायला बसलोय.

मोजायची खोड जुनी. मार्केट यार्डात मी बत्तीस वर्षं मापाडी होतो. माणूस समोर आला की त्याचं नाव मला मागाहून कळतं, वजन आधी. सरपंच दादाभाऊ एकशे बारा किलो, शेजारची कुशाबाई बेचाळीस, तेही लुगडं धरून. काट्यावर हौशीराम मापाड्याला कुणी फसवलं नाही, असं मी गावभर सांगत असे. लोक ऐकून घेत. काट्याखाली उतरलो की मला कुणीही फसवू शकतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक असावं.

निमगाव सावा मागं टाकून कुकडीच्या कडेनं थोडं खाली आलं की आमचा जांभूळमळा लागतो. आमच्या बंधाऱ्यात पाणी कमी आणि जलपर्णी जास्त. कुशाबाईची शेळी एकदा हिरवळ समजून तिच्यावर चरायला उतरली, तर दोर टाकून ओढून काढावी लागली. त्या जलपर्णीच्या काठाला शेडनेटचा मंडप, मंडपात दगडी कोनाडा, आणि कोनाड्यात निळी ज्योत, तिलाच सगळे देवी म्हणत. तेल नाही, वात नाही. धूर नाही, काजळी नाही. बाजूला लांबलचक, उंच, भगव्या गाद्यांचं आसन आणि त्याच्यावर वरुणनाथ महाराज. महाराज डोळे मिटून घुमायला लागले की ज्योत उसळायची. ते थांबले की थांबायची. ते उठले की ती बसायची.

"बेटा," महाराज म्हणायचे, "दुनिया में जल आग को बुझाता है. विझवतं का न्हाई पाणी आगीला? मग हितं पाणीच आगीला पाजतंय, ते कसं? बोलवा तुमच्या सायन्सला! अमेरिकेचे तीन शास्त्रज्ञ आले व्हते. तिघांचे मीटर जळाले. एक तर हितंच झाडू मारायला राहतो म्हणत व्हता, मीच न्हाई म्हणलं."

चारशे अकरा जोड आणि एक सुटी चपलेचे मालक एकदम हात जोडायचे. मीही जोडायचो. माझ्या मनात फक्त एकच शंका यायची, की तीन शास्त्रज्ञांचं मिळून वजन किती असेल.

नवस मात्र सोपा नव्हता. भक्तानं बंधाऱ्यात उतरून कवळाभर जलपर्णी उपटायची, मुळांचा गाळ धुवायचा, कुट्टी मशीनमधून बारीक करायची, शेणाच्या पाण्यात कालवायची आणि 'देवीच्या मुखात' ओतायची. मुख म्हणजे आसनाच्या एका टोकाला जमिनीतून तिरका वर आलेला सिमेंटचा पाईप. आसनाच्या दुसऱ्या टोकाला तसाच एक पाईप होता, त्यातून काळसर पाणी यायचं. ते तीर्थ. ते शेतात ओतलं की मेथी टरारून यायची, हे खरं आहे. मी स्वतः ओतलं होतं.

जलपर्णी काढायचे ठराव आमच्या ग्रामसभेनं आजवर सहा केले होते, सहाही एकमतानं, आणि ते करून आम्ही सहा वेळा चहा प्यायलो होतो. बंधाऱ्यात उतरलेल्या माणसांची संख्या मात्र शून्य. देवी आली आणि महिनाभरात अर्धा बंधारा मोकळा झाला. याहून मोठा चमत्कार कोणता, असं मी पारावर बोलूनही दाखवलं.

महाराज दिवाळीनंतर आले होते. चाळीस दिवस मंडप बंद ठेवून त्यांनी अनुष्ठान केलं. सोबत एकच शिष्य, मौनीबाबा. बारा वर्षं बोललेला नाही म्हणे. त्या काळात ट्रकमधून शेततळ्याच्या काळ्या कागदाचं भेंडोळं आलं, ते उतरवायला मी होतो. "मंडपाच्या छताला," महाराज म्हणाले. छत शेडनेटचं झालं, कागद कुठं गेला हे मी विचारलं नाही. मग त्यांना शेण हवं झालं. आठ ट्रॉल्या. "सारवायला," म्हणाले. आठ ट्रॉल्या शेणात निम्मा जुन्नर तालुका सारवून होतो, एवढं गणित मापाड्याला यायला हवं होतं. मी उलट नववी ट्रॉली देऊ का म्हणून विचारायला गेलो.

आता हसण्यासारखं थोडं बाजूला ठेवतो.

माझी नात श्रेया नऊ वर्षांची. तिला फिट येते. यायची, म्हणायला हवं, कारण नारायणगावच्या डॉक्टरांची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाल्यापासून एक वर्ष सात महिने एकही झटका आला नव्हता. दोन वर्षं अशीच कोरडी गेली तर गोळी हळूहळू कमी करत बंद करू, असं डॉक्टर बोलले होते. उरले होते पाच महिने. शहाण्या माणसानं गप्प बसून पाच महिने काढले असते. मी त्या मंगळवारी तिला महाराजांपुढं उभी केली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते घुमले, ज्योत उसळली.

"बच्ची के अंदर आग है," ते म्हणाले. "गोळीनं ती दाबून ठेवलीय. गोळी बंद करा. पुढच्या मंगळवारी डॉक्टरची फाईल आन् गोळ्या घेऊन या. ज्योतीला देऊ. फाईल जळाली की रोग जळाला."

मी फाईलचं वजन मनात करत घरी आलो आणि सुनेला सांगितलं.

प्रतिभा, माझी सून, बारावी सायन्स झालेली. दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला बसते. दुधात पाणी घातलेल्या माणसाकडं ती जशी बघते, तशी माझ्याकडं बघत राहिली. आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते.

"मामा, गोळी बंद व्हनार न्हाई."

"अगं, चारशे अकरा माणसं येडी हायत का?"

"मी मोजली न्हाईत."

चाकणच्या कंपनीत असलेल्या माझ्या पोराला, गोरखला, मी फोन लावला. तो प्रतिभाला म्हणाला, "आबा म्हणत्यात तर बघू की आठ दिवस." प्रतिभानं फोन ठेवला. मग माझ्याशी बोलली, तेही गोड आवाजात. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

"बरं. पर तुमी मोजायला लई हुशार हाय ना मामा? मग आठ दिवस रोज देवीच्या जोतीचं माप लिवा. सकाळी किती, दुपारी किती, कोण बसल्यावर किती. वही भरेपर्यंत गोळी चालू. मंगळवारी मला वहीत देवी दिसली, तर गोळ्या मी सोता तुमच्या हातात देईन."

वा! देवीचं माप घ्यायला गावात दुसरं कोण होतं? मी शंभर पानी वही आणली. बांबूची कामटी घेऊन तिच्यावर बोटाबोटानं खुणा केल्या आणि कोनाड्याशेजारी उभी केली. महाराजांना म्हटलं, देवीची ख्याती लिहून ठेवतोय. ते खूश झाले. मोजणारा माणूस भक्त असला तर त्याची काही भीती नसते, हे त्यांना अनुभवानं माहीत असणार.

वही अजून माझ्याजवळ आहे. त्यातलं थोडं:

बुधवार. सकाळी थंडी फार. आसन रिकामं असता ज्योत दोन बोटं. देवी झोपेत. दुपारी ऊन, आसन रिकामं, तीन बोटं. महाराज बसले, नऊ बोटं. महाराज उठले, मौनीबाबा बसले, पाच बोटं. तपाचा फरक दिसतो.

गुरुवार. आसन सकाळी चपटं, दुपारी फुगलेलं. महाराज सांगतात, खाली शेष आहे, तो श्वास घेतो. कोनाड्याजवळ नासक्या अंड्यासारखा वास, पण लोबान भरपूर असल्यानं भक्तिभावात अडथळा नाही.

शुक्रवार. ढगाळ. ज्योत बारीक. महाराज म्हणाले, गावात कुणीतरी शंका घेतंय. (प्रतिभा?)

शेवटच्या पानावर मी एक यादीही ठेवली होती. देवीसाठी औषध सोडलेले भक्त, तेवीस. पहिलं नाव कुशाबाईचं. तिनं साखरेची गोळी सोडली होती आणि प्रसादाचे पेढे धरले होते.

वही इतकी सुंदर भरत चालली की मला दम निघेना. प्रतिभा सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर, त्यामुळं श्रेयाला गोळी द्यायचं काम माझ्याकडं. शुक्रवारी संध्याकाळी मी ती दिली नाही. शनिवारी दोन्ही वेळा दिली नाही. रविवारी सकाळीही नाही. मंगळवारी सगळ्यांपुढं म्हणणार होतो, बघा, चार दिवस गोळी नाही आणि पोरगी ठणठणीत. जन्मभर दुसऱ्याचं माप चोख केलेल्या माणसानं घरात पहिल्यांदा माप मारलं.

रविवारी दहाच्या सुमारास श्रेया अंगणात पडली.

मी चप्पल आणायला धावलो. फिट आली की चप्पल हुंगवायची, हे मला माझ्या बापानं शिकवलं होतं. परत आलो तोवर प्रतिभानं तिला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली ओढणी सरकवली होती आणि मोबाईलच्या घड्याळावर नजर लावून ती बसली होती. गोरख सुट्टीला घरी होता. तो श्रेयाच्या तोंडात चमचा घालायला निघाला, त्याला तिनं एका हातानं मागं सारलं.

"तोंडात काय घालायचं न्हाई. दाबून धरायचं न्हाई. मामा, चप्पल ठिवा खाली."

दोन मिनिटं चाळीस सेकंद. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जड माप ते. मग श्रेया सैल पडली, बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाली, "आबा, मी शाळेत हाय का?"

गोळी दिली होती का, असं प्रतिभानं विचारलं. "दिली व्हती," मी म्हटलं. तिनं नुसता हात पुढं केला. मी बंडीच्या खिशातून चार गोळ्या काढून त्या हातावर ठेवल्या.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले तशी श्रेयाला गोळी दिली, तिला निजवलं. मग ओट्यावर आली.

"मामा, वही आना."

तिनं पानं उलटली. गोरख मागून वाकून बघत होता.

"म्हाराज बसले, नऊ बोटं. मौनी बसले, पाच. रिकामं, तीन. हे कसं?"

"तप," मी पुटपुटलो. "ज्याचं जेवढं तप…"

"म्हाराजांचं वजन किती?"

"ब्याण्णव." खोड अशी, की तोंड आपोआप बोललं.

"मौनीचं?"

"त्रेपन्न."

गोरख म्हणाला, "आयला!"

"आन् आसन सकाळी चपटं, उन्हानं फुगतं," प्रतिभानं पुढचं पान उलटलं. "मामा, आपल्या गोठ्यामागं काय हाय?"

"मुरघासाची बॅग."

"तिच्यात काय घालतो आपन?"

"मका. कुट्टी करून."

"बॅग फुगते कशानं?"

"आंबतानी वायू धरतो म्हून," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य माझं मलाच ऐकू आलं, "तिथं काय शेष हाय का?"

आमच्या मळ्यात अशी बॅग नाही असा एक गोठा दाखवा. दरवर्षी आम्ही हिरवा चारा बारीक करतो, दाबतो, हवाबंद बांधतो आणि आंबू देतो. तोच आमचा धंदा. आणि जलपर्णीची कुट्टी करून बंद पिशवीत आमच्याच हातानं भरताना आम्ही तिची आरती म्हणत होतो.

"पेटनारा वायू गोबरगॅसमदी व्हतो," प्रतिभा म्हणाली. "शेन, पाणी, हिरवा पाला, आन् वरची हवा बंद. वर बसलं की पिशवी दाबती, जोत उठती. जड माणूस, मोठी जोत." मग ती शेवटच्या पानावर आली. तेवीस नावं तिनं हळूहळू वाचली.

"भक्तांची यादी हाय ती," मी म्हटलं.

"मामा, ही पेशंटची यादी हाय."

म्हणून मग घरात निवाडा करून भागणार नव्हतं.

मंगळवारी मी चपला मोजल्या नाहीत. महाराजांना रविवारची बातमी लागलेलीच होती. मला बघताच ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "झटका आला ना? वो तो जा रही थी बीमारी! जाताना दार आपटून गेली! लाओ फाईल, बेटा, आज तिला कुलूप लावू."

श्रेया घरी आजीजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ होती. फाईल प्रतिभाच्या हातात होती.

"म्हाराज, तुमी सोता उठून घ्या. तुमच्या हातानं जोतीला द्या," ती म्हणाली.

महाराज प्रसन्न होऊन उठले. ज्योत खाली बसली, तीन बोटं.

"अगं बाई, देवी पार मलूल झाली!" प्रतिभा मोठ्यानं म्हणाली. "दादाभाऊ, तुमी गावचे मालक. तुमी बसा की घटकाभर, देवीला बरं वाटंल."

दादाभाऊंना कुठंही बसायला सांगितलं की ते कशासाठी हे विचारत नाहीत. महाराज "अरे, अरे, तपस्या लागते!" म्हणेपर्यंत एकशे बारा किलो आसनावर टेकले होते. ज्योत सपकन वर गेली. कामटीवर अकरा बोटं.

मंडपात कुणीतरी ओरडलं, "सरपंचांच्या अंगात आलं!" पाचसहा जण पाया पडायला धावले. दादाभाऊंनी डोळे मिटले. खरं सांगतो, त्यांनाही तसं वाटायला लागलं होतं.

"उतरा आता," प्रतिभा म्हणाली. "गोरख!"

गोरखनं आणि दुधाच्या गाडीवाल्यानं बाहेरच्या पिकअपमधून कांद्याच्या दोन पिशव्या आणल्या आणि आसनावर ठेवल्या. पन्नास-पन्नास किलोच्या, मीच भरलेल्या. ज्योत उसळली. महाराजांपेक्षा अर्धं बोट जास्त.

"म्हाराज, कांद्याच्या अंगात कोन आलं?" प्रतिभानं विचारलं.

कुशाबाई पुढं सरकली. महिनाभर गोळीविना तिच्या पायाला मुंग्या येत होत्या, पण जीभ शाबूत होती. "आगं बया, मग माझ्या घरी तर दोनशे पिशव्या देव हायत! आन् त्यास्नी मोड आलेत!"

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. हसू आलं की भीती पातळ होते, हे महाराजांनाही ठाऊक होतं. ते गरजले, "पाखंड! देवी कोपंल! बंधारा पेटंल! जो शंका घेईल त्याचा वंश…"

आणि नेमकं त्याच वेळी, एवढ्या सगळ्या प्रकारानं दमलेले दादाभाऊ कांद्याशेजारी पुन्हा आसनावर टेकले, बंडीतून बिडी काढली आणि काडी ओढली.

"विझिव! विझिव ती बिडी! आरं, खाली गॅस हाय गॅस! फाटली पिशवी तर भाजून निघाल सगळे!"

सगळे वळले. मौनीबाबा. बारा वर्षांचं मौन सोडून तो दादाभाऊंच्या हातावर तुटून पडला होता. काडी त्यानं पायाखाली चिरडली, बिडी बादलीत टाकली आणि मग, चारशे माणसं आपल्याकडं बघताहेत हे लक्षात येऊन, तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

महाराजांनी त्याच्याकडं बघितलं. तो म्हणाला, "काय बघतो? मी कितींदा सांगितलं, माणसं बसवू नगं. पाईप मी जोडलाय. काय झालं तर मलाच जेलात घालतील."

प्रतिभानं गाद्या ओढल्या. खाली शेततळ्याच्या काळ्या कागदाची लांबच लांब पिशवी, चराच्या वर म्हशीच्या पोटासारखी फुगलेली. तिच्यातून निघालेली नळी शेंदूर फासून कोनाड्यात नेलेली. ठिबकची नळी! आमच्या प्रत्येकाच्या रानात ती कोसभर पसरलेली असते. आम्ही शेंदराखालून तिला ओळखली नाही. गोरखनं ठिबकचं टोक बंद करतात तशी ती दुमडून धरली. ज्योत गेली. मौनी घाईघाईनं म्हणाला, "थांबा, आता मी सांगतो तसं करा. सगळे लांब सरा." नळी सोडायला लावून त्यानं कोनाड्याच्या तोंडाशी काडी नेली. ज्योत आली. मग कुशाबाईला म्हणाला, "बाई, आता तुमी लावा." कुशाबाईनं स्वतःच्या हातानं देवी पेटवली आणि तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"ही तर माझ्या शेगडीवानी दिसती," ती म्हणाली.

होतीच तशी. सिलिंडरच्या शेगडीवर आम्ही रोज तीनदा निळी, बिनकाजळीची ज्योत बघतो आणि तिच्यावर चहा करतो. तीच ज्योत दगडात ठेवली की आमचे गुडघे टेकतात.

नळी प्रतिभानं पुन्हा बंद केली आणि आसनासमोर उभी राहिली. लांबड लावली नाही. जलपर्णी पाण्यावर फुकट वाढते, कुट्टी केली की लवकर कुजते. शेणातल्या बारीक जीवाणूंना बंद पिशवीत हवा मिळाली नाही की ते ती कुट्टी खाऊन जळणारा वायू सोडतात. ऊन असलं की त्यांचं काम वेगात, थंडीत मंद. म्हणून देवी सकाळी झोपायची. उरलेलं पाणी म्हणजे खत, म्हणून मेथी टरारली. वास त्याच वायूचा, लोबान तो झाकायला. "यात देव न्हाई आन् भूत बी न्हाई. ह्यात औषध तर अजिबात न्हाई," ती म्हणाली. मग तिनं माझी वही उघडली आणि तेवीस नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. ज्याचं नाव आलं तो खाली बघे. प्रत्येक नावापुढं ती एकच वाक्य बोलत होती, "उद्या सकाळी नवाला गाडी हाय, डॉक्टरकडं."

महाराज मागच्या बाजूनं शेडनेट उचलून निघाले होते. ब्याण्णव किलो शेडनेटखालून सहज जात नाही. गोरखनं फोन करून बोलावलेली पोलिसांची गाडी येईपर्यंत ते तसेच अडकून राहिले. पूर्वी ते आणि मौनी गावोगाव गोबरगॅसच्या पिशव्या बसवायचे काम करायचे, एवढं मौनीनंच सांगितलं. पुढचं कायदा बघतोय. दक्षिणा ते हातात घेत नसत, पेटीत घेत. ती पेटीही गाडीत गेली.

बुधवारी श्रेयाला घेऊन आम्ही नारायणगावला गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कुणी गोळी बंद केली विचारलं. प्रतिभा काही बोलणार तोच मी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. डॉक्टर रागावले नाहीत. फाईलवर नवी तारीख घालून म्हणाले, "आता दोन वर्षं इथून." एक वर्ष सात महिने गेले. माझ्या चार गोळ्यांपायी ती पोर आणखी दोन वर्षं गोळ्या खाणार. याच्यावर विनोद मला सुचत नाही. सुचला तरी सांगणार नाही.

पिशवी आम्ही मोडली नाही. मौनी, ज्याचं नाव दगडू निघालं आणि जो आता एका मिनिटाला गप्प बसत नाही, पोलिसांकडं जबाब देऊन आला आणि त्यानं नवा जाड पाईप, झडप आणि शेगडी बसवून दिली. पिशवीभोवती कुंपण घातलं. त्या गॅसवर दूध केंद्रातले कॅन धुवायला पाणी तापतं. फक्त पिशवीला रोज जलपर्णी लागते. पहिल्या रविवारी काढायला माणसं आली नऊ, मला धरून.

"देवी व्हती तवा लई यायची," कुशाबाई पाण्यात उभी राहून म्हणाली.

"तवा पुण्य मिळत व्हतं," दादाभाऊ काठावरून म्हणाले. ते उतरले नव्हते.

"आता गरम पाणी मिळतंय. उतरा की!"

हळूहळू माणसं वाढताहेत. परवा सतरा झाली. दादाभाऊ गुडघ्यापर्यंत उतरले.

आणि परवाच्याच दिवशी घाटघरवरून एक बाई आली, लंकाबाई. एसटी बदलत, तांदळाचं गाठोडं घेऊन. तिच्या गावापर्यंत देवीची कीर्ती पोचली होती, देवीचं काय झालं ते पोचलं नव्हतं. कीर्तीला पाय असतात, चौकशीला गाडीभाडं लागतं.

"देवी कुटं हाय, पावणं?" तिनं मलाच विचारलं.

"कशाला आलीस, माय?"

"मालकाला टीबी हाय. सरकारी गोळ्या चालू हायत, पर आमच्याकडं एक जण म्हनला, देवीला जायचं तर गोळी सोडून जायचं. आठ दिस झालं सोडून."

मी चिखलाचे हात धुतले आणि तिला सगळं सांगितलं. महाराज, पिशवी, कांदा. आणि श्रेयाचंही, ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला. तिचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. मी तिच्याबरोबर एसटीत बसलो आणि सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनं लंकाबाईजवळचं मालकांचं कार्ड बघितलं, मालकांना उद्याच घेऊन यायला सांगितलं, आणि मधेच गोळ्या सोडल्यानं काय होतं ते समजावायला लागली.

लंकाबाई मधेच म्हणाली, "बाई, ह्या गोळीत आसं काय आसतं, की ती रोजच खायाला लागती?"

मागं रांग होती. मला वाटलं, आता ही ओरडणार. सिस्टरनं पेन खाली ठेवलं, कागदावर फुफ्फुसाचं चित्र काढलं आणि बोलत राहिली. लंकाबाईनं आणखी दोन प्रश्न विचारले. सिस्टरनं त्यांचीही उत्तरं दिली. एकाचं उत्तर तिला आलं नाही, तर ती उठून आत डॉक्टरांना विचारून आली.

मी बाकड्यावर बसून बघत होतो. सबंध महिन्यात महाराजांना मी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला असता तर त्यांनी माझा वंश काढला असता. ही सिस्टर मात्र विचारलं म्हणून खुर्चीतून उठून उत्तर आणायला गेली.

तर वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगतो. कुणी काहीही दाखवो, हे कसं होतं म्हणून त्याला विचारा. आम्ही तर मापाडी, विचारायचं सोडून मापच घेत बसलो. तुम्ही विचारा. जो चिडतो, शाप देतो, त्याच्या आसनाखाली बघा. जो उत्तर देतो, किंवा येत नाही म्हणून कुणाला तरी विचारून येतो, त्याचं ऐका. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळही बंद करू नका.